मांजराची नखं आणि माडाचा सुंभ
(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात दिलेल्या नभोवाणी भाषणाचा मजकूर)



दिवाळी झाली. भात कापून, झोडून, वाळवून घरात आलं. कुणी कणगी भरली, कुणी माजघरात गोणींची थप्पी लावली, बियाण्याच्या मुड्या माळ्यावर चढल्या. या भातावर आता दोघांचा डोळा आहे. एक उंदीर, आणि दुसरं त्या उंदरावर डोळा ठेवून बसलेलं मांजर. आजचं बोलणं या दुसऱ्याबद्दल आहे. शेतीच्या कार्यक्रमात करपा झाला, तुडतुडा झाला, आता मांजर कुठून आलं, असं आपल्याला वाटेल. पण देवगड तालुक्यात मिठबाव-तांबळडेगच्या बाजूला फिरताना ही तक्रार मी इतक्या पडव्यांत बसून ऐकली आहे, की ती शेतीचीच तक्रार आहे असं माझं मत झालं आहे.

एका घरी तर काकी मला पाहताच म्हणाल्या, "सायबानू, ह्या मेल्या माजरान भाताची गोण फाडून टाकल्यान. आता ह्येका नेवन देवगडच्या बंदरार सोडतलंव." गोण पाहिली. खालचा कोपरा नखांनी पिंजून निघाला होता आणि जमिनीवर ओंजळभर भात सांडलं होतं. काकींचा राग काही खोटा नव्हता. दुसऱ्या घरी फणसाच्या जुन्या खांबावर गुडघाभर उंचीपर्यंत ओरखड्यांची रांगोळी. तिसऱ्या घरी वाळत टाकलेलं जाळं. जाळ्याला मासळीचा वास, त्यात नखं अडकली, मांजर घाबरून ओढायला लागलं आणि हातभर जाळं फाटलं. आंब्याच्या दिवसांत आढीवर टाकलेल्या गोणपाटाचीही हीच गत होते. नख खाली फळापर्यंत गेलं तर तेवढ्या टोचणीतून हापूस कुजायला लागतो, हे बागायतदारांना मी सांगायला नको.

तेव्हा नुकसान होतं, हे कबूल. प्रश्न आहे तो उपायाचा. मांजर बंदरावर सोडून दिलं म्हणजे काय होतं, ते आधी पाहू.

घरातला एक मोठा उंदीर दिवसाला साधारण २० ते २५ ग्रॅम धान्य खातो. वर्षाचा हिशेब सात ते नऊ किलोचा होतो. माळ्यावर दहा उंदीर असले तर एक भरली गोण त्यांच्या नावाने बाजूला काढून ठेवा. हे झालं नुसतं खाण्याचं. लेंड्या आणि मूत पडून जे धान्य नासतं ते वेगळंच, शिवाय मुडी कुरतडली तर बियाणं गेलं. उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार पसरतो. पावसाळ्यात चिखलात उघड्या पायांनी लावणी करणाऱ्यांना, पायाला जखम असली तर, तो कसा गाठतो हे सिंधुदुर्गातल्या लोकांना ठाऊक आहे.

मग मांजर गेलं की माणूस विषाकडे वळतो. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्लेला उंदीर जागच्या जागी मरत नाही, काही दिवस सुस्तावून फिरतो. असा उंदीर शेजारच्या मांजराच्या तोंडी सहज लागतो आणि विष त्याच्या पोटात जातं. घरात रांगतं मूल असेल, कोंबड्या मोकळ्या असतील, तर भीती आणखी वाढते. विष वापरूच नका असं मी म्हणत नाही. शेतात, बिळांत, ठरवून दिलेल्या प्रमाणात ते वापरावं लागतं. पण माजघरात पहिला उपाय म्हणून विष आणि शेवटचा म्हणून मांजर, हा क्रम उलटा आहे.

मांजराची फाजील स्तुतीही मी करणार नाही. मोठ्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरं जात नाहीत. न्यूयॉर्क शहरात संशोधकांनी पाच महिने कॅमेरे लावून पाहिलं. त्यांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. इतक्या काळात मांजरांनी उंदीर मारले ते अवघे दोन! मात्र मांजर आसपास असलं की उंदीर बाहेर पडायला कचरत होते, हेही त्याच पाहणीत दिसलं. आपल्या घरात नेमकं हेच हवं असतं. लहान उंदीर आणि पिल्लं मांजर मारील, बाकीच्यांना वचक राहील. माडावर चढून कोवळे नारळ पाडणाऱ्या उंदरांना मात्र मांजराचा उपयोग नाही. तिथे बुंध्याला पत्राच ठोकायला हवा.

आता मुद्द्यावर येऊ. मांजर ओरबाडतं का?

बहुतेकांचा समज असा, की ते खोडीने करतं किंवा आपल्यावरचा राग काढतं. तसं नाही. मांजराच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार अशी अठरा नखं असतात. नख आतून वाढत राहतं आणि बाहेरचं जुनं टरफल सैल होतं. पुढच्या पायांची ही टरफलं काढायला त्याला खरखरीत, नख रुतेल अशी जागा लागते. आपल्या खांबाच्या बुडाशी नीट पाहिलंत तर चंद्रकोरीसारखी पातळ टरफलं सापडतील. पोरांना दाखवा, त्यांना मोठी गंमत वाटते. दुसरं कारण, झोपेतून उठल्यावर अंग ताणण्याचं. उंच जागी नखं रोवून ते पाठीचे आणि खांद्याचे स्नायू मोकळे करतं. आणि तिसरं कारण आपल्याला दिसत नाही. त्याच्या पंजाला, बोटांच्या मधे, वासाच्या ग्रंथी असतात. ओरखडा दिसतो डोळ्याला आणि वास लागतो दुसऱ्या मांजराच्या नाकाला. सातबाऱ्यावर नाव लावल्यासारखंच आहे ते: हे घर माझं आहे.

म्हणून मार देऊन ही सवय सुटत नाही. श्वास घेऊ नको म्हणून कुणाला मारण्यासारखं ते होईल. मार खाल्लेलं मांजर आपल्यासमोर ओरबाडणं बंद करतं आणि आपली पाठ वळली की पुन्हा सुरू करतं. भ्यालेलं मांजर तर जास्तच खुणा करत सुटतं. त्याला ओरबाडायला आपण दुसरी जागा द्यायची, आणि ती गोणीपेक्षा, खांबापेक्षा त्याला अधिक आवडेल अशी द्यायची. एवढीच यातली युक्ती आहे.

परदेशात याकरिता दुकानात तयार खुंट मिळतात, दोर गुंडाळलेले. २०१६ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. तीत चार हजारांहून अधिक मांजरवाल्यांनी आपापल्या मांजराच्या सवयी कळवल्या होत्या. उभा, तीन फूट किंवा त्याहून उंच, दोर गुंडाळलेला खुंट मांजरं जास्त वापरतात आणि वापरल्यावर बक्षीस मिळालं तर आणखी वापरतात, असं त्यातून दिसलं. तिकडे दोर बहुधा घायपाताचा असतो. आपल्याकडे घरोघरी सुंभ पडलेला आहे. काथ्याचा सुंभ खरखरीत, चिवट, नख रुतेल असा. मांजराकरिता याहून चांगली वस्तू शोधून सापडायची नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय असा. मांजर पडवीच्या ज्या खांबाला नखं लावतं, त्याच खांबाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत सुंभ गुंडाळा. खांबही वाचला आणि खुंटही झाला. जमिनीलगत सुरुवात करा, वेढ्याला वेढा भिडवून वर न्या, मधे फट ठेवू नका. टोकं खिळ्यांनी ठोकू नका. ती दोन वेढ्यांखालून ओढून गाठ मारा आणि गाठ आत दाबा. बाहेर आलेला एखादा खिळा मांजराचा पंजा फाडील आणि मग ते त्या खांबाकडे फिरकणार नाही. उद्या तिथेच तुमचं नातवंडही हात लावील, हेही ध्यानात घ्या.

वेगळा खुंट करायचा असेल तर चार इंच जाडीचा सुरूचा किंवा दुसरा कसलाही सरळ वासा घ्या. माडाचा ओंडका मजबूत खरा, पण उचलायला दोन माणसं लागतात. चार इंच व्यासाच्या वाशाला एक वेढा जवळजवळ साडेबारा इंचांचा होतो. सुंभ अर्धा इंच जाड धरला तर तीन फुटांत ७२ वेढे बसतात, म्हणजे ७५ फूट सुंभ लागतो. गाठींसाठी धरून ८५ फूट घ्या. सुंभ कोरडा असताना, पाय लावून ओढून गुंडाळा. होडीवरचा डांबर किंवा तेल लागलेला जुना दोर चालणार नाही, कारण मांजर नंतर पंजे चाटतं. नायलॉनचा दोरही नको. तो गुळगुळीत असतो आणि त्याच्या तंतूत नख अडकतं.

खुंट हलता कामा नये. मी पाहिलेले बहुतेक खुंट फुकट गेले ते याच कारणाने. मांजर सगळं वजन टाकून ओढतं. एकदा का खुंट डुगडुगला, अंगावर आला, की संपलं, ते पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. खळ्यात पुरायचा असेल तर दीड फूट खोल पुरून बाजूने जांभ्याचे तुकडे ठोका. घरात हवा असेल तर तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्या, वरची धार हातोडीने आत मुडपा, मधे वासा उभा करून डबा खडी-सिमेंटने भरा. सिमेंट नसेल तर पडवीच्या कठड्याला दोन जागी घट्ट बांधून टाकलात तरी काम होतं. वाशाची लांबी मात्र डब्यात किंवा जमिनीत जाणारा भाग सोडून तीन फूट राहिली पाहिजे. मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल एवढी उंची हवी. वीत-दीड वीत उंचीच्या खुंटाला ते ढुंकून विचारीत नाही. काही मांजरं मात्र उभं न राहता आडवी ओरबाडतात, गोणीच्या खालच्या कोपऱ्याला किंवा चटईला. तुमचं मांजर तसं असेल तर एका फळीला गोणपाट किंवा सुंभ गुंडाळून ती जमिनीवर आडवी ठेवा. आधी आठवडाभर त्याची रीत पाहावी आणि मगच हातात सुंभ घ्यावा, असं मी सांगेन.

जागेची चूक हमखास होते. खुंट झाला, आता तो मागच्या पडवीत, न्हाणीच्या कोपऱ्यात, लाकडांच्या ढिगाआड ठेवू, म्हणजे अडचण नको! पण मांजराला आपली खूण चारचौघांत हवी असते. आपण नावाची पाटी मागच्या दाराला लावतो का? ज्या थप्पीला ते नखं लावतं, तिच्या शेजारीच खुंट उभा करा. किंवा ते जिथे झोपतं तिथे करा, कारण उठल्याबरोबर त्याला ताणायचं असतं. तो नेमाने वापरायला लागलं की मग दोन-तीन आठवड्यांनी, रोज वीतभर याप्रमाणे, आपल्या सोयीच्या जागी सरकवता येईल. एका दिवसात उचलून पलीकडे नेलात तर ते पुन्हा गोणीकडे वळेल.

त्याच वेळी गोणी त्याच्यापासून दूर करा. जमिनीवर लाकडी फळ्या घालून, भिंतीपासून हातभर अंतर सोडून थप्पी लावा. हे ओल आणि उंदीर यांच्यासाठीही आपण नेहमी सांगतोच. जिथे नखं लागतात त्या बाजूला महिनाभर प्लॅस्टिकचा गुळगुळीत कागद ताणून बांधा. नख रुतत नाही, म्हणजे तिथली गोडी जाते. बियाणं आणि खायचं भात पत्र्याच्या कोठीत ठेवता आलं तर सगळ्यात चांगलं, मग उंदीरही नाही आणि नखही नाही. जाळं वाळल्यावर उंच टांगावं, जमिनीवर पसरून ठेवू नये.

आता मांजराला खुंटाची ओळख कशी करून द्यायची? त्याचे पंजे धरून सुंभावर घासू नका. कुणी धरलेलं त्याला आवडत नाही आणि खुंट म्हणजे धरपकड, असं त्याच्या डोक्यात बसतं. एक दोरी घ्या, टोकाला कोंबड्याचं पीस बांधा, आणि ती खुंटावरून खाली-वर नाचवा. पीस पकडायला मांजर झेप घेईल, नखं सुंभात रुततील, आणि त्याला कळेल की ही जागा बरी आहे. हे काम घरातल्या पोरांकडे द्या, त्यांना ते आपल्याहून चांगलं जमतं. आणि ज्या क्षणी त्याने आपणहून खुंटाला नखं लावली, त्याच क्षणी सुकटीचा एक तुकडा त्याच्यापुढे टाका. उशिरा दिलात तर कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. खुंटावर मासळी चोळू मात्र नका, ते नखांऐवजी दातांनी कामाला लागेल आणि मुंग्या होतील त्या निराळ्याच.

एक गावठी युक्ती आहे, ती सांगतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर परसात, वाटेकडेला खोकली नावाचं तण उगवतं. त्याची मुळी उपटली की मांजरं वासाने धावत येतात, तिच्यावर लोळतात, अंग घासतात. ही मुळी धुऊन, थोडी ठेचून सुंभावर चोळा. आठवड्यातून एकदा पुरे. सगळ्याच मांजरांना तिचं वेड नसतं, पण असलं तर काम फार लवकर होतं. मुळी घरातल्या माणसांनी मात्र तोंडात घालू नये.

ते गोणीला नखं लावताना दिसलं तर एक टाळी वाजवा, आणि ते थांबलं की दोरी-पीस घेऊन त्याला खुंटाकडे बोलवा. ओरडणं नको. मिरचीपूड टाकण्याचा उपाय काही घरांत करतात, तो फार वाईट आहे. पूड पंजावरून डोळ्यांत जाते. फिनेल आणि डांबराच्या गोळ्याही नकोत. मांजराच्या शरीराला ही द्रव्यं पचवता येत नाहीत, पंजे चाटून त्याला विषबाधा होऊ शकते.

नखं कापावीत का, असं विचारतात. घराबाहेर फिरणाऱ्या मांजराची कापू नयेत. कुत्रा मागे लागला तर माडावर चढून जीव वाचवायला त्याच्याकडे दुसरं काय आहे? आणि उंदीर तरी ते कशाने धरणार? नखं मुळातून काढून टाकण्याचं तर मनातही आणू नका. नख काढणं म्हणजे बोटाचं शेवटचं हाडच कापणं. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली कायदा करून ही शस्त्रक्रिया बंद केली. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला मारहाण करणं, त्याचं अंग तोडणं, त्याला उपाशी मरायला सोडून देणं हे सगळे गुन्हे आहेत. बंदरावर सोडलेलं मांजर मासळी खाऊन सुखात राहील, ही आपण आपल्या मनाची घातलेली समजूत असते. तिथली मांजरं आणि कुत्री नव्याला टिकू देत नाहीत.

हे मांजर आणि आपण, ही ओळख काही आजची नाही. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलं. त्यात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं होतं. २००४ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. त्या बेटावर मांजर मुळात नव्हतंच, ते कुणीतरी होडीतून नेलेलं असणार. शेती नुकती सुरू झाली होती, धान्य साठायला लागलं होतं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. बियाणं घेऊन निघालेल्या त्या शेतकऱ्याने होडीत मांजरालाही जागा दिली. आणि आपण एका गोणीपायी त्याला बंदरावर सोडायला निघालो.

सवय लागायला वेळ लागतो. पिल्लू महिना-सव्वा महिन्याचं झालं की नखं लावायला सुरुवात करतं. तेव्हापासून खुंट समोर असेल तर पुढे काही करावंच लागत नाही. जुन्या मांजराला महिना-दोन महिने द्या. घरात दोन मांजरं असतील तर खुंटही दोन करा.

आणि वर्षभराने सुंभ पिंजून त्याच्या झिरमिळ्या लोंबायला लागल्या, की घरातलं कुणीतरी म्हणेल, हे घाणेरडं दिसतं, पाहुणे यायचेत, टाकून द्या. टाकू नका. मांजराला तोच खुंट सगळ्यात प्रिय असतो, त्याचा वास आणि त्याच्या खुणा त्यावर आहेत. अर्धा सुंभ आधी बदला, अर्धा तसाच ठेवा, आणि नव्यावर नखं लागल्या दिसल्या की मग उरलेला बदला. पावसाळ्यात खळ्यातला खुंट भिजतो, काथ्याला बुरशी येते. मिरगाच्या आधी एक खुंट पडवीत करून घ्या.

जाता जाता एक सूचना. मांजराचं नख किंवा दात माणसाला लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. मांजरापासूनही पिसाळ होऊ शकतो. त्याला दर वर्षी लस टोचून घ्या. पिल्लं नको असतील तर तेही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

त्या काकींच्या घरी फणसाच्या खांबाला सुंभ आम्हीच गुंडाळून दिला. गोण मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी शिवून घेतली, सुंभाच्याच दोऱ्याने.